आधी मागची भिंत

निशाण कुठं लावायचं ते नंतर बघू. आधी मला सांग, चुकलेला बाण जाणार कुठं? 2023 साली बर्लिनला आपल्या साताऱ्याची आदिती स्वामी जगज्जेती झाली, तेव्हापासून तुझ्या लेकीनं धनुष्याचा धोशा लावलाय. करू दे की सराव. पण जागा तिनं नाही, तू निवडायची.

गच्ची मनातून काढून टाक. तिथून निसटलेला बाण कुणाच्या अंगणात उतरेल, काही नेम नाही. परसात उत्तरेकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे सकाळ-संध्याकाळ ऊन डोळ्यांत येत नाही. स्पर्धेतले 18 मीटर आत्ताच नकोत, चार-पाच पावलांवरून हात बसू दे. निशाणामागं गोठ्याची ती बिनखिडकीची भिंत आहे ना, तीच घे. कुंपण आणि शेवग्याची झाडं यांना आडोसा म्हणत नाहीत. भिंत नुसती ठेवलीस तर बाण आपटून फुटेल, नाहीतर उलटा येईल. म्हणून भिंतीच्या हातभर पुढं जुन्या जाड सतरंज्या दोन पदरी टांग. वरून बांध, खालून मोकळ्या सोड. ताणून बांधलेल्या सतरंजीतून बाण आरपार जातो. सैल सतरंजी मागं सरकते आणि त्याचा जोर खाते. हे सगळं हलक्या धनुष्यापुरतं बरं का. उद्या जास्त जोराचं कंपाउंड धनुष्य मागायला लागली, तर सरळ अकादमीत घाल.

फोमचं निशाण महाग पडतं. पोत्यात चिंध्या ठासून भरल्या तरी चालतं, फक्त बटणं, चेन, हूक आधी कापून काढ. आणि स्टँड नीट बांध, वाऱ्यानं पालथा पडला की रुतलेले सगळे बाण मोडतात.

परसातलं फाटक सरावाच्या वेळी आतून बंद. तरी चेंडू आत आला की शेजारची पोरं विचारत बसत नाहीत, कुंपणावरून उडी मारतात. म्हणून शिट्टी ठेव. दोन वाजल्या की रेषेवर यायचं, एक वाजली की बाण सोडायचे, तीन वाजल्या की आणायला जायचं. पोर एकटी असली तरी तू वाजव.

धनुष्य 14 ते 18 पौंडांचं पुष्कळ झालं. ओढताना हात आभाळाकडे गेला आणि दोरी सुटली, तर बाण भिंतीवरून पार. बाण न लावता दोरी सोडायची नाही, पाती तडकतात. पाहुण्यांना नेमकं तेच करून बघायचं असतं, तेव्हा त्यांच्या हाती धनुष्य देऊच नकोस.

निशाणाकडे चालत जायचं, धावत नाही. अडखळून पडलं तर बाणांची मागची टोकं डोळ्यांत जातात. उपटताना एक तळवा निशाणावर दाबायचा, दुसऱ्या हातानं बाण मुळाशी धरून सरळ ओढायचा, आणि त्याच्या मागं कुणी उभं नको. कार्बनचा बाण जरा वाकवून कानाशी धर. कुरकुरला तर तिथंच मोडून टाक, तो सुटताना फुटला तर कुसळं हातात घुसतात.

आणि बाण मोजून घे. गवतात शिरलेला बाण आडवा दडून बसतो, वरून दिसत नाही. तो सापडेपर्यंत पुढची फेरी नाही, आणि परसात अनवाणी कुणी फिरायचं नाही.