हृदयाचा पंप कमी पडतो तेव्हा



आमच्या मुदखेडकडे कोणी अचानक दगावले की लोक ‘हार्ट फेल झाले’ असे म्हणतात. वैद्यकशास्त्रात या शब्दांचा अर्थ निराळा आहे. हृदय चालू असते. पण शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्यास ते कमी पडते, या अवस्थेला ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात. ती बहुधा हळूहळू वाढते. म्हणूनच तिच्या खुणा माहीत असतील तर रोग्याला वेळीच डॉक्टरांकडे नेता येते. या खुणा भौतिकशास्त्राच्या साध्या नियमांनी कशा समजतात, ते पाहू.

एकापुढे एक दोन पंप

हृदय म्हणजे वस्तुतः दोन पंप होत. उजवे निलय रक्त फुप्फुसांकडे पाठवते आणि तेथून परत आलेले रक्त डावे निलय सर्व शरीरात पाठवते. विश्रांतीच्या वेळी प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर हे सुमारे ५ लिटर होते.

आता समजा, डावा पंप उजव्यापेक्षा दर ठोक्याला केवळ ०.१ मिलिलिटर रक्त कमी ढकलू लागला. तासाला ४,३२० ठोके पडतात. म्हणजे तासाभरात ४३२ मिलिलिटर रक्त फुप्फुसांत साचेल! प्रत्यक्षात हृदय स्वतःला सावरून घेते. पण ही सावरण्याची शक्ती संपली की तुंबारा सुरू होतो.

कारणे

विहिरीवरची मोटार पाणी का कमी फेकते, हे शेतकऱ्याला विचारा. मोटारच जळकी असेल, फूटव्हॉल्व्ह गळत असेल, पुढचा पाइप अरुंद झाला असेल किंवा वीज नीट येत नसेल. हृदयाचेही असेच आहे. झटक्यामुळे स्नायूचा काही भाग मरतो. वर्षानुवर्षे वाढलेल्या रक्तदाबाविरुद्ध काम करून निलयाची भिंत जाड व ताठ होते. मधुमेह, अतिमद्यपान व काही विषाणू स्नायूला दुबळे करतात. झडपा गळतात किंवा आकसतात. ठोक्यांची लय बिघडते.

झडपांच्या विकाराचे एक कारण तुमच्याच वयाशी निगडित आहे. स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा दुखून ताप येतो. त्यावर उपचार झाला नाही, तर ५ ते १५ वर्षांच्या काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येतो. सांधे सुजतात, दुखतात आणि काही दिवसांनी बरे होतात. परंतु हृदयाच्या झडपांना झालेली इजा कायम राहू शकते. तिचे परिणाम कित्येक वर्षांनी दिसतात.

लक्षणे

डावा पंप कमी पडला की फुप्फुसांतील केशवाहिन्यांत दाब वाढतो. निरोगी माणसात तो पाऱ्याच्या सुमारे १० मिलिमीटरइतका असतो. रक्तातील प्रथिने पाणी वाहिनीत धरून ठेवतात. पण दाब २५ मिलिमीटरच्या आसपास गेला की पाणी बाहेर झिरपू लागते आणि धाप लागते. रोगी आडवा झाला की पायांकडचे रक्त छातीकडे येते व दाब आणखी वाढतो. म्हणून त्याला दोन-तीन उशा लागतात, किंवा मध्यरात्री तो गुदमरून उठून बसतो.

उजवा पंप कमी पडला, तर तुंबारा शरीराकडे होतो. मानेच्या नीला फुगतात, संध्याकाळी घोटे सुजतात. सुजेवर अंगठा दाबला की खळगा पडतो आणि काही वेळ तसाच राहतो. थकवा येतो, आणि साचलेल्या पाण्यामुळे थोड्याच दिवसांत वजन वाढते.

निदान

धाप दम्यानेही लागते आणि सूज मूत्रपिंडाच्या विकारानेही येते. त्यामुळे केवळ लक्षणांवरून निदान होत नाही. डॉक्टर स्टेथोस्कोपने ठोके आणि फुप्फुसांतील बुडबुड्यांसारखे आवाज ऐकतात. क्ष-किरण चित्रात हृदयाचा वाढलेला आकार दिसतो, तर ई.सी.जी.मध्ये विद्युत्-लहरींतील बिघाड उमटतो. ताण पडलेले निलय बी.एन.पी. नावाचे द्रव्य रक्तात सोडते. तेही मोजता येते.

सर्वांत उपयोगी चाचणी म्हणजे इको. रेल्वेच्या रुळांतील आतले तडे श्रव्यातीत ध्वनीने शोधतात, हे तुम्ही वाचले असेल. १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे डॉ. इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुथ हर्ट्झ यांनी असेच, धातूतील दोष शोधणारे उपकरण एका जहाज कारखान्यातून आणून हृदयावर वापरले. परावर्तित ध्वनीवरून हलत्या भिंती व झडपा दिसू लागल्या. गाडी जवळ येताना शिट्टीचा स्वर चढा आणि दूर जाताना उतरता वाटतो. या डॉप्लर परिणामावरून आता रक्ताचा वेगही मोजतात.

भरलेल्या निलयात १२० मिलिलिटर रक्त असेल आणि ७० बाहेर पडत असेल, तर हे प्रमाण सुमारे ५८ टक्के झाले. ते ४० टक्के किंवा त्याहून कमी असेल, तर पंप निश्चितच दुबळा समजतात. मात्र प्रमाण चांगले असूनही विकार असू शकतो. ताठ झालेले निलय नीट भरतच नाही.

आज औषधांनी अनेक रोगी पुष्कळ वर्षे बरे जीवन जगतात. पण त्यासाठी निदान लवकर व्हावे लागते. घरातील आजोबा बसून झोपू लागले, आजीचे पाय सुजू लागले, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नका, वडीलधाऱ्यांना सांगा. आणि स्वतःचा घसा तापासह दुखला, तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

करून पाहा : बसल्या जागी एक मिनिट नाडी मोजा. त्या संख्येला ७० ने गुणा आणि तुमचे हृदय दिवसाला अंदाजे किती लिटर रक्त ढकलते, ते काढा. (मिनिटाला ७२ ठोके असतील, तर उत्तर ७,२०० लिटरांच्या थोडे वर येईल.)