बाल्टिमोरचा १९ नंबर

प्रश्न : माझी लेक नोकरीनिमित्त बाल्टिमोरला असते. तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमबाहेर एका जुन्या खेळाडूचा पुतळा आहे आणि सामन्याला येणारे लोक आत जाण्याआधी त्याच्या बुटाला हात लावतात, असं ती सांगते. हा गृहस्थ निवृत्त होऊन पन्नास वर्षं झाली म्हणे. त्याचे विक्रम एव्हाना मोडले असतीलच. मग लोक अजून इतक्या मायेनं त्याच्या आठवणी का काढतात? आणि क्वार्टरबॅक म्हणजे नेमकं काय करणारा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पुतळा १९ नंबरची जर्सी घालणाऱ्या जॉनी युनायटसचा आहे. आणि गंमत अशी, की ज्या संघाच्या स्टेडियमबाहेर तो उभा आहे, त्या रेव्हन्स संघाकडून युनायटस एकही सामना खेळलेला नाही. हा संघ बाल्टिमोरला आला १९९६ मध्ये. युनायटसनं खेळ सोडला १९७४ मध्ये. तरी पंढरीच्या पदस्पर्श दर्शनासारखं लोक त्याच्या बुटाला हात लावून मगच आत जातात. हे कोडं सुटलं, की तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालंच.

आधी क्वार्टरबॅकचं काम पाहू. दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. प्रत्येक प्रयत्नात चेंडू सहसा आधी क्वार्टरबॅकच्या हाती येतो. तो पळणाऱ्या गड्याला द्यायचा की लांब फेकायचा, फेकायचा तर कोणाकडे, हे त्यानं दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. तेवढ्यात शंभर-सव्वाशे किलोचे गडी त्याला आडवं करायला धावून येत असतात. आज कुठली चाल खेळायची हे प्रशिक्षक हेल्मेटमधल्या रेडिओवरून कानात सांगतो. युनायटसच्या काळी ते बहुतेक क्वार्टरबॅकच्याच डोक्यात शिजायचं, आणि युनायटसचं डोकं त्या बाबतीत विलक्षण थंड होतं.

तो मूळचा पिट्सबर्गचा, लिथुआनियन वंशाच्या कष्टकरी घरातला. पाच वर्षांचा असताना वडील गेले. १९५५ मध्ये गावच्याच स्टीलर्स संघानं त्याला निवडलं आणि हंगाम सुरू होण्याआधीच, एकाही सराव सामन्यात न उतरवता, घरी पाठवलं. मग दिवसा बांधकामावर मजुरी आणि आठवड्यातून एकदा एका अर्धव्यावसायिक संघाकडून खेळणं, सामन्याला ६ डॉलर. पुढच्या वर्षी बाल्टिमोर कोल्ट्सनं त्याला राखीव म्हणून घेतलं. मुख्य क्वार्टरबॅक जॉर्ज शॉ जायबंदी झाला आणि युनायटस मैदानात उतरला. शिकागो बेअर्सविरुद्धच्या त्या सामन्यात त्याचा पहिलाच पास प्रतिस्पर्ध्यानं मध्येच झेलला आणि थेट गोल रेषेपार नेला! बाल्टिमोरचे लोक हा किस्सा आवर्जून सांगतात, कारण पुढचं त्यांना ठाऊक असतं.

पुढचं म्हणजे २८ डिसेंबर १९५८. न्यू यॉर्कचं यांकी स्टेडियम, समोर जायंट्स, विजेतेपदाचा सामना. दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला, कोल्ट्स ३ गुणांनी मागे आणि चेंडू त्यांच्याच १४ यार्डांच्या रेषेवर. युनायटसनं रेमंड बेरीला लागोपाठ तीन पास दिले, मिळून ६२ यार्ड. सरावाची वेळ संपल्यावरही हे दोघं मैदानात थांबून पासांचा सराव करत, त्याची वसुली त्या दोन मिनिटांत झाली. ७ सेकंद उरले असताना स्टीव्ह मायरानं किक मारून बरोबरी साधली. लीगच्या विजेतेपदाचा सामना जादा वेळेत जाण्याची ती पहिलीच खेप. तिथे युनायटसनं ८० यार्डांची चढाई रचली आणि ॲलन अमिचीनं शेवटचा यार्ड पार केला. २३-१७.

या सामन्याला 'आजवरचा सर्वोत्तम' म्हणण्याची प्रथा आहे. मला ती जरा अतिशयोक्ती वाटते. दोन्ही बाजूंच्या हातून त्या दिवशी चेंडू इतक्यांदा सुटला, की शाळेतला मास्तरही रागावला असता. पण हा सामना टीव्हीवर देशभर कोट्यवधी लोकांनी पाहिला आणि या खेळाला घरोघरी जागा मिळाली, एवढं मात्र खरं. संघ परतला तेव्हा विमानतळावर हजारो माणसं लोटली होती.

त्यातले बरेच पोलाद कारखान्यात नि गोदीत राबणारे. तेव्हा खेळाडूंचे पगारही बेताचेच. हंगाम संपला की ते दुसरी नोकरी धरत, साध्याच वस्तीत राहत. बारीक कापलेले केस, घोट्यापर्यंतचे काळे बूट, किंचित वाकलेले खांदे असा युनायटस त्या लोकांना आपल्याच पाळीतला वाटायचा. मैदानावर तो नाचला नाही की हातवारे केले नाहीत. सलग ४७ सामन्यांत टचडाउन पास, म्हणजे चेंडू गोल रेषेपार पोचवणारा पास, देण्याचा त्याचा विक्रम १९६० पासून थेट २०१२ पर्यंत टिकला; ड्रू ब्रीझनं तो मोडला. पण जुने चाहते विक्रमापेक्षा डिसेंबर १९७२ बद्दल बोलतात. युनायटसला तेव्हा बाकावर बसवलं होतं. घरच्या मैदानावरचा त्याचा शेवटचा सामना. वर एक छोटं विमान त्याच्या नावाचा फलक ओढत घिरट्या घालत होतं. प्रेक्षकांचा गजर वाढत गेला, अखेर त्याला उतरवलं आणि त्यानं एडी हिंटनला पास दिला. ६३ यार्ड, टचडाउन.

एवढ्यावर गोष्ट संपती, तर तो इतर महान खेळाडूंपैकीच एक राहिला असता. पण १९८४ मध्ये, २८ मार्चच्या रात्री, मालक रॉबर्ट इरसे यानं ट्रक बोलावून संघाचं सगळं चंबूगबाळं इंडियानापोलिसला हलवलं. सकाळी शहर उठलं तर संघच नाही! नाव, रंग, हेल्मेटवरचा घोड्याचा नाल, सगळं गेलं. संघाच्या बँडचे गणवेश तेवढे धुवायला टाकलेले होते म्हणून राहिले, आणि तो बँड पुढची कित्येक वर्षं संघाशिवाय वाजत राहिला. मालकाला ट्रकात घालता आली नाही ती एकच मोठी गोष्ट होती, जॉनी युनायटस. इंडियानापोलिसशी आपला काही संबंध नाही, आपण बाल्टिमोर कोल्ट्सचे, असं तो जाहीरपणे सांगत राहिला. नवा संघ आल्यावर त्याच्या सामन्यांना तो कडेला येऊन उभा राहू लागला आणि लोकांना जुना नि नवा संघ सांधणारा माणूस मिळाला. बुटाला हात लावण्यामागे माझ्या मते मुख्यतः हे आहे, खेळ त्यानंतर.

या मायेत एक बाजू सहसा निसटते. ज्या उजव्या हाताचं इतकं कौतुक झालं, तो म्हातारपणी जवळजवळ निकामी झाला होता. गोल्फ खेळताना काठी हाताला पट्टीनं बांधावी लागे. त्या दुखण्याची भरपाई त्याला खेळाकडून मिळाली नाही. ११ सप्टेंबर २००२ रोजी व्यायाम करताना हृदयविकाराच्या झटक्यानं तो गेला.

लेकीला या वेडाची चव घ्यायची असेल, तर बॅरी लेव्हिन्सनचा 'डायनर' हा १९८२ चा सिनेमा बघायला सांगा. १९५९ चं बाल्टिमोर आहे. त्यातला एक नवरदेव अट घालतो, की वधूनं आधी कोल्ट्सवरची परीक्षा पास व्हायची. ती थोडक्यात नापास होते, तरी लग्न लागतं. संघाच्याच निळ्या-पांढऱ्या रंगात.