टाके निघाल्यानंतर

स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया मी करून घेतली, हे आता नात्यात आणि शाळेत बऱ्याच जणींना माहीत आहे. त्यामुळे कुणाची मुलगी, कुणाची सून अधूनमधून भेटायला येते. खर्च, दुखणं, रजा हे सगळं विचारून होतं. मग निघताना, दारात चपला घालता घालता ती हळूच म्हणते, "ताई, व्रण किती राहतात?" ती आलेली असते ते हे विचारायलाच. मी तिला परत आत बसवते.

व्रण राहतात, आयुष्यभर राहतात. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मला ते इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. "फिकट होतील, कळणारही नाहीत," एवढ्यावर माझी बोळवण झाली होती. स्तन बरेच मोठे असतील तर छेद बहुधा तीन भागांत घेतात. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने गोल, तिथून सरळ खाली उभा आणि स्तनाखालच्या घडीत आडवा. आकार थोडाच कमी करायचा असेल तर पुष्कळदा आडवा छेद टळतो. आपल्याला यातला कोणता, ते सर्जनना कागदावर काढून दाखवायला सांगा. आपल्या वर्णाच्या बायकांचे, ऑपरेशननंतर महिन्याने, सहा महिन्यांनी आणि दीड वर्षाने काढलेले फोटो त्यांच्याकडे असतील तर तेही मागा. गोऱ्या कातडीच्या फोटोंवरून आपल्या व्रणाचा अंदाज येत नाही. सावळ्या कातडीवर व्रण काळसर पडतो आणि तो जाड होण्याचा संभवही जास्त असतो. आपल्याला किंवा घरात कुणाला कान टोचल्यावर पाळीला गाठ आली असेल, लस टोचलेल्या जागी दंडावर उंचवटा वाढत गेला असेल, तर ते न विचारताही सांगायचं.

माझ्या डाव्या बाजूची जखम मध्येच उघडली. उभा आणि आडवा छेद जिथे मिळतात, नेमकी तिथे. नखाएवढीच, पण ओली आणि पिवळट. सगळं ऑपरेशन फसलं, आता दुसरं करावं लागणार, असं धरून मी रात्रभर रडले. पुढच्या तपासणीला ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, ही जागा उघडतेच बऱ्याच जणींची." त्या कोपऱ्यावर कातडीला सगळ्यात जास्त ताण असतो आणि रक्तपुरवठा तिथेच कमी पोचतो. सलाइनने स्वच्छ करून नियमित ड्रेसिंग केलं की अशी छोटी जखम बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपसूक भरून येते. माझीही आली. हे एवढं वाक्य ऑपरेशनच्या आधी ऐकायला मिळालं असतं तर ती रात्र माझ्या वाट्याला आली नसती. म्हणून मी ते प्रत्येकीला सांगते. थांबायचं नाही ते वेगळ्या खुणा दिसल्या तर: ताप, पसरत जाणारी लाली, दुर्गंधी येणारा पू, एकच बाजू अचानक सुजून टणक होणं, स्तनाग्र निळं-काळं पडणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.

तंबाखूबद्दल विचारलं की आपल्याकडच्या बायका सहज "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर सिगारेट असते. मशेरी हीसुद्धा तंबाखूच आहे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेच्या कडांना रक्त मिळत नाही आणि कधी कधी स्तनाग्रालाही धोका होतो. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे मशेरी पूर्ण बंद हवी. सासूबाईंसमोर बोलायचा संकोच वाटत असेल तर डॉक्टरांशी एकटीने बोला, पण लपवू नका.

घरातल्या मायेचाही इथे थोडा बंदोबस्त करावा लागतो. माझी मावशी हळद-तुपाची वाटी घेऊनच आली होती. उघड्या जखमेवर हळद, तूप, कोरफड, लिंबू काहीही लावायचं नाही. जखम पूर्ण बंद झाली, खपल्या गेल्या, की डॉक्टरांना विचारून सिलिकॉनची पट्टी किंवा जेल सुरू करायचं. पट्टी दिवसातून बारा तास किंवा जास्त, आणि किमान तीन महिने. आपल्या उन्हाळ्यात पट्टीखाली घाम साचून पुरळ येतं. मग पट्टी काढून जागा धुवायची, कोरडी करायची आणि काही दिवस जेलवर भागवायचं. बादल्या उचलणं, सिलिंडर सरकवणं, उंचावरचे डबे काढणं हे सगळं साधारण सहा आठवडे दुसऱ्यांनी करायचं. घरी हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी "एवढं काय झालंय" सुरू होतं.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. व्रण रोज थोडा थोडा कमी होत जाईल, अशी आपली समजूत असते. तसं होत नाही. पहिल्या आठवड्यांत तो बारीक रेघेसारखा दिसतो आणि नंतरच्या काही महिन्यांत आधीपेक्षा लाल, जाड आणि कडक होतो, खाजतो. जखम सांधण्यासाठी शरीर त्या काळात आत भराभर कोलॅजन घालत असतं. ते विरळ होऊन व्रण मऊ आणि सपाट व्हायला बारा ते अठरा महिने लागतात. माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकीचा धीर याच मधल्या काळात सुटला. एक जण तर तेवढ्यात क्रीम, तेलं आणि लेझरवर पैसे घालवून बसली. या काळात आपल्या शरीराबद्दल कोणताही निकाल देऊ नका. आकारही तेव्हा पक्का झालेला नसतो. सुरुवातीला स्तन उंच आणि चौकोनी दिसतात, मग हळूहळू खाली बसतात. महागड्या ब्रा सूज उतरेपर्यंत घेऊ नका. पुढून हुक असलेली, तारेशिवायची साधी ब्रा पुरते. मात्र व्रण मूळ रेघ ओलांडून बाजूच्या कातडीवर पसरू लागला तर ते केलॉइड असू शकतं. तिथे वाट पाहायची नाही. स्टेरॉइडची इंजेक्शनं लवकर घेतलेली बरी.

मनाचं म्हणाल तर मला एका गोष्टीचं नवल वाटलं. आठवीपासून मी खांदे आत वळवून चालत आले. ओढणीला दोन्हीकडे पिना आणि एसटीत पर्स छातीशी धरलेली. वजन गेलं, खांद्यांवरचे पट्ट्यांचे वळ बुजायला लागले, स्तनाखाली दर पावसाळ्यात होणारा बुरशीचा त्रास थांबला, पण खांदे वळलेलेच राहिले. लपवायला आता व्रण मिळाले होते. पाठीच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टकडे गेले, त्याचा उपयोग मला कुठल्याही गोड बोलण्यापेक्षा जास्त झाला. आणि जेल लावण्याचा झाला. रोज आरशासमोर उभं राहून, रेघेवरून बोट फिरवत ते लावायचं, म्हणजे बघावंच लागतं. हल्ली सगळे सांगतात की आपल्या शरीरावर प्रेम करा. मला तो आग्रह जाचक वाटतो. व्रण आवडलेच पाहिजेत असं काही नाही. ते ओळखीचे झाले तरी दिवस नीट जातो.

नवऱ्याला बहुतेक वेळा किळस वाटत नसते, तो घाबरलेला असतो. कुठे हात लावला तर दुखेल, हे त्याला कळत नसतं. ते आपण सांगायचं. काही जागा महिनोन्‌महिने बधिर राहतात, कुठे अचानक झिणझिण्या येतात आणि स्तनाग्राची संवेदना काहींची पूर्ण परत येत नाही. महिने उलटले तरी आरसा टाळणं, अंधारात अंघोळ करणं, जवळीक नकोशी होणं चालूच असेल तर समुपदेशकाची मदत घ्या. १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

लग्न न झालेल्या मुलींना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "आधी लग्न होऊ दे". यातल्या एका भागाचा विचार जरूर करा. या ऑपरेशननंतर बाळाला अंगावर पाजताना दूध कमी पडू शकतं, त्याबद्दल सर्जनशी आधी बोला. पण न पाहिलेल्या नवऱ्याला काय वाटेल म्हणून पाठदुखी सोसत राहणं मला मान्य नाही. रोमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप हिने २००९ मध्ये, सतरा वर्षांची असताना हे ऑपरेशन करून घेतलं. पुढे २०१८ ची फ्रेंच ओपन आणि २०१९ ची विम्बल्डन तिने जिंकली. आपल्याकडे २०२१ मध्ये अभिनेत्री हेमांगी कवी यांनी बायका, स्तन आणि ब्रा यांवर उघडपणे लिहिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पण त्यानंतर आमच्या स्टाफरूममध्ये पहिल्यांदा या विषयावर मोठ्या आवाजात बोलणं झालं. स्थळ आलं तर अपेंडिक्सचं ऑपरेशन सांगावं तसं हेही सांगा. एकदाच आणि मान वर करून.

शेवटची गोष्ट फाइलची. काढलेला भाग पॅथॉलॉजी तपासणीला पाठवतात. तो रिपोर्ट मागून घ्या आणि ऑपरेशनच्या कागदांसोबत ठेवा. पुढे मॅमोग्राफीला जाल तेव्हा हे ऑपरेशन झाल्याचं सांगा आणि ती फाइल दाखवा, कारण आतले व्रणही फोटोत दिसतात आणि गोंधळ होऊ शकतो. कधी हाताला कडक गाठ लागली तर ती नुसती मेलेली चरबी असण्याची शक्यता असते, पण ते आपण घरी ठरवायचं नाही. तपासून घ्यायचं.