पंधरा जागा, पंधरा कर्तव्ये : रग्बीतील हौशी खेळाडूंची परंपरा

मुंबईत आझाद मैदानालगत असलेल्या बॉम्बे जिमखान्याच्या हिरवळीवर पावसाळ्याच्या दिवसांत रग्बीचे सामने खेळण्याची प्रथा जुनी आहे. लंबगोल चेंडू, चिखलाने माखलेले खेळाडू आणि खांद्याला खांदा भिडवून चाललेली रेटारेटी पाहून नवख्या प्रेक्षकाला हा खेळ म्हणजे निव्वळ झटापट वाटते. वस्तुतः मैदानावरील पंधरा खेळाडूंपैकी प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि त्या जागेचे कर्तव्यही ठरलेले असते. धिप्पाड, उंच, ठेंगणा, चपळ अशा भिन्न शरीरयष्टीच्या माणसांना एकाच संघात सामावून घेणारे खेळ थोडेच आहेत. रग्बी हा त्यांपैकी एक होय.

या खेळाचे दुसरे वैशिष्ट्य असे की, पंधरा खेळाडूंच्या रग्बीत १९९५ सालापर्यंत खेळाबद्दल वेतन घेण्यास मनाई होती. शतकाहून अधिक काळ हा खेळ शेतकरी, डॉक्टर, वकील, बँक कर्मचारी, पोलाद कामगार अशा हौशी खेळाडूंनी आपापला व्यवसाय सांभाळून जोपासला. ही परंपरा गौरवास्पद खरीच. पण तिची किंमत कोणाला मोजावी लागली, हेही पाहणे अगत्याचे आहे.

विसांचे पंधरा कसे झाले

इंग्लंडमधील रग्बी या गावच्या शाळेत हा खेळ आकारास आला. १८७१ साली लंडन येथे रग्बी फुटबॉल युनियनची स्थापना झाली आणि त्याच वर्षी २७ मार्च रोजी एडिंबरो येथे स्कॉटलंड व इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. त्या वेळी प्रत्येक संघात वीस खेळाडू असत व त्यांतील बहुतेक जण चेंडूभोवती गर्दी करून रेटा देत. साहजिकच खेळ एका जागी अडून राही. १८७७ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत खेळाडूंची संख्या पंधरावर आणण्यात आली. मैदान मोकळे झाले आणि मागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूंना महत्त्व प्राप्त झाले.

मागच्या खेळाडूंची नावे अपूर्णांकांवरून पडली, ही गोष्ट शिक्षकांना मनोरंजक वाटेल. आघाडीच्या मागे निम्म्या अंतरावर उभा राहणारा तो हाफ बॅक. त्याच्या मागे पाऊण अंतरावरचा तो थ्री-क्वार्टर. आणि अगदी मागे, पूर्ण अंतरावरचा तो फुलबॅक. पुढे न्यूझीलंडमध्ये अर्धा व पाऊण यांच्या मधोमध आणखी एक खेळाडू उभा करण्यात आला. अर्धा म्हणजे चार अष्टमांश व पाऊण म्हणजे सहा अष्टमांश. तेव्हा या नव्या जागेला ‘फाइव्ह-एट्थ’, म्हणजे पाच अष्टमांश, असे नाव देण्यात आले. ते तेथे आजही रूढ आहे.

आघाडीचे आठ

पंधरांपैकी पहिले आठ खेळाडू फॉरवर्ड, म्हणजे आघाडीचे. चेंडू मिळवणे व राखणे हे त्यांचे मुख्य काम. किरकोळ नियमभंगानंतर खेळ पुन्हा सुरू करताना दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू एकमेकांना भिडून रेटा देतात. या रचनेला स्क्रम म्हणतात.

स्क्रमच्या पहिल्या रांगेत तिघे असतात. दोन्ही बाजूंस १ व ३ क्रमांकाचे प्रॉप आणि मध्ये २ क्रमांकाचा हूकर. प्रॉप म्हणजे टेकू. नावाप्रमाणेच त्याने समोरून येणारा भार मान, खांदे व पाठ यांच्या बळावर पेलावयाचा असतो. हूकर दोन्ही प्रॉपच्या आधाराने उभा राहून चेंडू पायाने मागे ओढतो. दुसऱ्या रांगेत ४ व ५ क्रमांकाचे लॉक असतात. हे बहुधा संघातील सर्वांत उंच खेळाडू. स्क्रममध्ये मागून जोर लावणे आणि चेंडू कडेच्या रेषेबाहेर गेल्यानंतर होणाऱ्या लाइन-आउटमध्ये उंच उडी घेऊन तो झेलणे ही त्यांची कामे. तिसऱ्या रांगेत ६ व ७ क्रमांकाचे फ्लँकर आणि ८ क्रमांकाचा ‘नंबर एट’ हे तिघे असतात. स्क्रम सुटताच धावत जाऊन प्रतिस्पर्ध्याची पकड करणे व निसटलेला चेंडू उचलणे यांत त्यांची कसोटी लागते.

पिछाडीचे सात

उरलेले सात खेळाडू बॅक, म्हणजे पिछाडीचे. रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. तो मागे किंवा आडव्या दिशेने द्यावा लागतो. त्यामुळे पिछाडीचे खेळाडू तिरप्या ओळीत उभे राहून एकमेकांकडे चेंडू सोपवत पुढे सरकतात.

आघाडी व पिछाडी यांना जोडणारा दुवा म्हणजे ९ क्रमांकाचा स्क्रम हाफ. हा बहुधा ठेंगणा व चपळ असतो. स्क्रममधून आलेला चेंडू तो क्षणार्धात १० क्रमांकाच्या फ्लाय हाफकडे देतो. पुढे पास द्यावयाचा, लाथेने चेंडू दूर टोलवावयाचा की स्वतः धावावयाचे, याचा निर्णय फ्लाय हाफ घेतो. १२ व १३ हे सेंटर प्रतिस्पर्ध्यांची फळी फोडतात. ११ व १४ हे विंगर कडेने वेगाने धावून ट्राय साधतात. आणि १५ क्रमांकाचा फुलबॅक हा अखेरचा रक्षक होय.

पूर्वी थ्री-क्वार्टरच्या ओळीत तिघेच खेळत. १८८४ च्या सुमारास वेल्समधील कार्डिफ क्लबला एक अडचण आली. नेहमीच्या खेळाडूच्या जागी घेतलेल्या फ्रँक हॅनकॉक यांनी इतका उत्तम खेळ केला की, त्यांना वगळणे क्लबला योग्य वाटेना आणि जुन्या खेळाडूलाही दूर करणे शक्य नव्हते. तेव्हा आघाडीतील एक खेळाडू कमी करून थ्री-क्वार्टर चार करण्यात आले. वेल्सने ही रचना पुढे कायमची स्वीकारली व हळूहळू ती सर्वत्र मान्य झाली. जागांचा हा आराखडा आरंभापासून ठरलेला नव्हता, तो खेळाडूंच्या गुणांनुसार घडत गेला, हे यावरून लक्षात येते.

एकच खेळाडू, अनेक जागा

हौशी काळातील नामवंत खेळाडूंची चरित्रे पाहिली असता असे दिसून येते की, अनेकांनी संघाच्या गरजेनुसार आपली जागा बदलली. त्यामागे एक व्यावहारिक कारण होते. १९६८ पर्यंत आंतरराष्ट्रीय सामन्यांत जखमी खेळाडूच्या जागी दुसरा घेण्याची सर्वसाधारण मुभा नव्हती. एखादा बॅक जायबंदी झाला की आघाडीतील कोणी तरी मागे येऊन त्याची जागा भरून काढी व संघ चौदा जणांनिशी खेळत राही. जून १९६८ मध्ये प्रिटोरिया येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या सामन्यात ब्रिटिश लायन्सचे फ्लाय हाफ बॅरी जॉन यांच्या गळपट्टीचे हाड मोडले आणि त्यांच्या जागी माइक गिब्सन मैदानात उतरले. आंतरराष्ट्रीय रग्बीतील पहिले बदली खेळाडू म्हणून त्यांची नोंद केली जाते.

गिब्सन हे व्यवसायाने वकील. आयर्लंडच्या वतीने १९६४ ते १९७९ या काळात ते ६९ सामने खेळले. प्रारंभी फ्लाय हाफ, नंतर मुख्यतः सेंटर आणि अखेरीस विंगर, अशा तीन जागा त्यांनी सांभाळल्या. वेल्सचे जे. पी. आर. विल्यम्स हे अस्थिरोगतज्ज्ञ शल्यचिकित्सक. फुलबॅक म्हणून त्यांची कीर्ती जगभर पसरली होती. परंतु १९७८ साली ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात संघातील अनेक खेळाडू जखमी झाले, तेव्हा सिडनी येथील कसोटीत ते आघाडीत फ्लँकर म्हणून उभे राहिले. न्यूझीलंडचे कॉलिन मीड्स हे ते कुटी या गावाजवळ शेती करणारे शेतकरी. १९५७ ते १९७१ या काळात ते देशासाठी ५५ कसोटी सामने खेळले. लॉक ही त्यांची जागा. तथापि गरज पडली तेव्हा फ्लँकर व नंबर एट या जागांवरही ते खेळले. १९०५ साली ब्रिटनचा दौरा गाजवणाऱ्या न्यूझीलंड संघाचे उपकर्णधार बिली स्टेड हे पादत्राणे बनवणारे कारागीर होते, तर आयर्लंडचे विख्यात लॉक विली जॉन मॅकब्राइड बँकेत नोकरी करीत.

हौशीपणाची किंमत

पैशासाठी न खेळण्याचा हा नियम वरकरणी उदात्त वाटतो. परंतु त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नव्हता. उत्तर इंग्लंडमधील गिरणी व खाण कामगार शनिवारीही कामावर असत. सामन्यासाठी रजा घेतली की त्या दिवसाची मजुरी बुडे. बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, एवढीच त्यांची मागणी होती. १८९३ साली यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी तसा ठराव मांडला. पण तो फेटाळण्यात आला. निर्णय घेणाऱ्यांत सुखवस्तू वर्गाचे प्राबल्य होते व त्यांना मजुरी बुडण्याची झळ नव्हती.

परिणामी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील वीसहून अधिक क्लबांनी वेगळी संघटना स्थापन करण्याचा निर्णय घेतला. प्रारंभी तिने बुडीत मजुरीची कमाल मर्यादा दिवसाला सहा शिलिंग ठरवली. १९०६ साली या संघटनेने संघातील खेळाडू पंधरावरून तेरा केले आणि त्यात फ्लँकरच्या दोन जागा गेल्या. हाच खेळ पुढे रग्बी लीग या नावाने ओळखला जाऊ लागला. मजुरीच्या प्रश्नातून अशा रीतीने एका खेळाचे दोन खेळ झाले.

जो खेळाडू लीगकडे जाई, त्याला मूळ खेळाचे दार बंद होई. वेल्सचे फ्लाय हाफ डेव्हिड वॉटकिन्स १९६७ साली सॅल्फर्डच्या लीग संघात गेले व तेथे सेंटर आणि फुलबॅक म्हणून खेळले. स्क्रम हाफ गॅरेथ एडवर्ड्स हे खाण कामगाराचे पुत्र. वेल्ससाठी सलग ५३ सामने खेळून १९७८ साली ते निवृत्त झाले. मात्र आत्मचरित्राचे मानधन स्वीकारल्यामुळे त्यांना व्यावसायिक ठरवण्यात आले. अखेर ऑगस्ट १९९५ मध्ये, म्हणजे हडर्सफील्डच्या बैठकीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, आंतरराष्ट्रीय मंडळाने वेतनावरील बंदी उठवली.

भारतातील परंपरा

भारतात रग्बीचा पहिला नोंदलेला सामना २५ डिसेंबर १८७२ रोजी कलकत्ता येथे झाला. लगेच पुढील वर्षी स्थापन झालेला कलकत्ता फुटबॉल क्लब मात्र फार काळ टिकला नाही. लष्करी पलटणीची बदली झाली, टेनिस व पोलो यांची आवड वाढली आणि खेळाडू मिळेनासे झाले. तेव्हा सभासदांनी बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली व ती वितळवून एक चषक घडवला. झाकणावर हत्ती आणि नागाच्या आकाराच्या तीन मुठी असलेला हा ‘कलकत्ता कप’ १८७८ साली इंग्लंडच्या संघटनेस देण्यात आला. १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यातील सामन्यासाठी तो ठेवला जातो.

मुंबईत बॉम्बे जिमखान्याने हा खेळ टिकवून धरला. दीर्घ काळ युरोपीय सदस्यांपुरते मर्यादित असलेले हे मैदान पुढे भारतीय खेळाडूंचे झाले. १९९८ साली भारताचा संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. या संघातील चित्रपट अभिनेते राहुल बोस यांनी स्क्रम हाफ व उजवा विंगर अशा दोन्ही जागांवर खेळ केला. २००७ साली भुवनेश्वर येथील कलिंग समाजविज्ञान संस्थेच्या आदिवासी विद्यार्थ्यांच्या संघाने लंडनमधील १४ वर्षांखालील शालेय आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. भारतीय महिलांचा पंधराजणींचा संघ २०१८ साली पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि पुढच्याच वर्षी मनिला येथे सिंगापूरला हरवून त्याने पहिला विजय मिळवला. संघाच्या तेव्हाच्या कर्णधार वाहबिझ भरुचा या पुण्याच्या भौतिकोपचारतज्ज्ञ. आपला व्यवसाय सांभाळून खेळणाऱ्या हौशी खेळाडूंची परंपरा येथेही दिसते. जून २०२५ मध्ये मुंबईत सात खेळाडूंच्या रग्बीची व्यावसायिक साखळी स्पर्धाही झाली.

शाळांच्या दृष्टीने

ज्या शाळांना हा खेळ सुरू करावयाचा असेल, त्यांनी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली सुरक्षिततेची. स्क्रमच्या पहिल्या रांगेत मानेला गंभीर इजा होण्याचा धोका असतो. म्हणून त्या तीन जागांवर प्रशिक्षित खेळाडूच असावेत, असा नियम आहे. तसे खेळाडू उपलब्ध नसल्यास रेटा न देता स्क्रम करावा लागतो. केवळ अंगाने थोराड आहे म्हणून एखाद्या मुलाला शिक्षणाविना प्रॉप करणे सर्वथा अयोग्य होय. नवशिक्यांचा आरंभ पकड वर्ज्य असलेल्या, स्पर्शाच्या रग्बीने करणेच इष्ट.

दुसरी गोष्ट संधीची. धावण्याच्या शर्यतीत मागे पडणारा स्थूल मुलगा, उंचीमुळे संकोचणारी मुलगी, अंगकाठीने लहान पण चलाख विद्यार्थी या सर्वांना या खेळात मानाची जागा आहे. परंतु त्या जागेवर उभे राहण्यासाठी मुलाला मैदानापर्यंत पोचता आले पाहिजे. शेतावर वा घरकामात हातभार लावणाऱ्या मुलाची सरावाची वेळ कोणती असावी, प्रवासाचा व बुटांचा खर्च कोणी करावा, हे प्रश्न १८९३ सालच्या गिरणी कामगारांच्या प्रश्नाहून फारसे वेगळे नाहीत. त्यांचा विचार शाळा व पंचायत यांनी मिळून संघ निवडण्यापूर्वीच करावयास हवा.