चावीची पेटी

कोथरूडचा आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट सासूबाई गेल्यानंतर रिकामा पडला. आम्ही राहतो सिंहगड रस्त्याला. भाडेकरू ठेवायचा तर एजंट बॅचलर मुलं आणायचा, आणि सोसायटीला बॅचलर नको होते. शेवटी भाचा म्हणाला, "मावशी, रोजाने दे. अ‍ॅपवर टाकू. महिन्याचं भाडं दहा दिवसांत सुटतं."

सुटलं की! सवाई गंधर्व महोत्सवासाठी बेळगावचं एक जोडपं आलं. जाताना फ्रिजमध्ये कुंद्याचा डबा आणि आभाराची चिठ्ठी ठेवून गेलं. मी हरखले. दर वेळी चावी द्यायला कोथरूडला कोण जाणार, म्हणून आकड्यांच्या कुलपाची एक छोटी पेटी आणली आणि तळमजल्यावर मीटरच्या शेजारी ग्रिलला अडकवली. पाहुण्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा पाठवला की माझं काम संपलं. निदान मला तसं वाटत होतं.

विसर्जनाच्या रात्री ते चुकीचं ठरलं. बुकिंग चौघांचं होतं, आले नऊ जण. मिरवणूक बघून पहाटे तीनला परतले, तोवर पावसाने पेटीचं कुलूप अडकून बसलं होतं. मला फोन केले, पण माझा फोन सायलेंटवर. मग त्यांनी समोरच्या दाराची बेल वाजवली. समोर आजोबा एकटे राहतात, वय ऐंशीच्या पुढे, बायपास झालेली. पहाटे तीनला दार उघडलं तर गुलालाने माखलेली नऊ माणसं उभी! "आजोबा, चावी तुमच्याकडे आहे का?" वॉचमनने अडवलं कसं नाही, असं मी दुसऱ्या दिवशी तावातावाने विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे रोजच नवीन माणसं येतात. मी कोणाला ओळखायचं?"

सकाळी सातला गच्चीवरची टाकी कोरडी ठण्ण. चोवीस फ्लॅटची टाकी, पाणी ठरावीक वेळेला येणार, आणि नऊ जणांनी गुलाल धुतलेला. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी आमच्या दारातली पिशवी उचललीच नाही. उरलेली बिर्याणी, बाटल्या आणि लहान मुलाचे डायपर, सगळं एकातच कोंबलेलं. ती पिशवी दुपारी मी स्वतः वेगळी करत बसले. ओला-सुका काय असतं हे पाहुण्यांना सांगणारं घरात कोणीच नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

दुसरा धडा त्याहून कोरडा, पण जास्त महागात पडू शकला असता. एक जर्मन विद्यार्थी पाच दिवस राहून गेला. गुणी मुलगा, भांडीसुद्धा घासून ठेवली. नंतर चौकीतून एक हवालदार आले: परदेशी माणूस ठेवला होता, कळवलं का नाही? मी म्हटलं, "अहो, त्याचा पासपोर्ट अ‍ॅपवर आहे." ते म्हणाले, "अ‍ॅप आम्हाला सांगत नाही. सांगायचं तुम्ही." परदेशी नागरिकाला राहायला जागा दिली की चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागतं. सगळे त्याला 'सी फॉर्म' म्हणतात. हॉटेलवाल्यांना ते पाठ असतं. घर देणाऱ्याला ते लागू आहे, हे मला माहीत नव्हतं. त्या खेपेला समज देऊन सोडलं. प्रत्येकाला तसं सोडतीलच असं नाही.

मग खास सभा. सभेचं वर्णन करत नाही, पुण्यातल्या सोसायटीची सभा ज्याने पाहिली आहे त्याला ते लागणार नाही. मुद्द्याचं एवढंच, की एकाने दर रात्रीला हजार रुपये आकार लावायची सूचना केली. आमच्या सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी कागदच काढला. मालक स्वतः राहत नसेल तर घ्यायचा बिनभोगवटा आकार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. माझं सेवाशुल्क अठराशे. म्हणजे महिन्याला एकशे ऐंशी रुपये. तेवढ्यात मी नऊ माणसांची पहाटेची अंघोळ बसवली होती.

त्या दिवशी मला खरी अडचण समजली. महाराष्ट्रात भाडेकरूसाठी नियम आहेत. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे. सोसायटीला कळवा, कराराची प्रत द्या, पोलिसांना माहिती द्या, हे आपल्याला तोंडपाठ असतं. लॉजसाठीही परवाने आहेत. माझा फ्लॅट मात्र या दोन्हींच्या मधल्या पायरीवर बसला होता. दोन रात्रींसाठी येणाऱ्याचा करार कोण नोंदवणार?

घरी पाहुणे ठेवणाऱ्यांसाठी सरकारी योजना नाहीत असं नाही. केंद्राच्या निवास-न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्या आणि जास्तीत जास्त बारा खाटा चालतात, पण मालकाने कुटुंबासह तिथेच राहायला हवं. मी अर्ज केला असता तर याच अटीवर अडले असते. गोव्यात तर १९८२ पासून पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदाच आहे. तिथे व्हिला किंवा फ्लॅट पाहुण्यांना द्यायचा तर पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. पुण्यातून जाऊन तिकडे गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेणाऱ्यांनी हे बिल्डरला नव्हे, खात्याला विचारावं.

न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून मालकाने तिथेच राहण्याची जवळपास तीच अट कडक केली: तीस दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर यजमान घरात हवा, पाहुणे दोनच, आणि नोंदणी आधी. अ‍ॅमस्टरडॅममध्ये माझी चुलतबहीण राहते. स्वतःचं घर देतानाही तिला शहराकडून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, तो जाहिरातीत छापावा लागतो, आणि प्रत्येक मुक्काम आधी कळवावा लागतो. २०१९ मध्ये तिथे वर्षाला तीस रात्रींची मर्यादा आली. एका वेळी चारच पाहुणे. मी माझी कहाणी सांगितली तर ती हसली, "तुझे नऊ ऐकून इथे दंडाची पावती घेऊन आले असते!"

सभेत बंदीचा ठराव थोडक्यात हुकला, आणि माझा स्वार्थ बाजूला ठेवूनही मला तेच बरं वाटतं. दुसऱ्या एका सोसायटीत बंदी घातली. तिथे आता मालक पाहुण्यांना शिकवून पाठवतात, "गेटवर चुलतभाऊ आहोत म्हणून सांगा." पाहुणे येतातच, फक्त वहीतून गायब होतात.

आम्ही ठरवलं ते साधं आहे. पाहुणा येण्याआधी सेक्रेटरींना लेखी कळवायचं: किती माणसं, किती रात्री. गेटवरच्या वहीत तेवढीच माणसं. जास्त आली तर वॉचमन मालकाला फोन करणार, आत सोडणार नाही. अर्ध्या तासात पोचू शकेल अशा एका माणसाचं नाव आणि नंबर सूचनाफलकावर. हे सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, कारण बाकीचे नियम मोडल्यावर कोणाला बोलवायचं हे तिथेच ठरतं. दहानंतर प्रवेश नाही. आणि पेटी बंद: चावी माणसाने माणसाच्या हातात द्यायची, ओळखपत्र समोर बघून. अ‍ॅपवरच्या फोटोतला आणि दारातला माणूस वेगळा असू शकतो, हे पेटीला कळत नाही.

तुम्ही हे सुरू करणार असाल तर हिशोब करताना एक ओळ वाढवा: चावी द्यायला जाणाऱ्या माणसाचा पगार. तो धरून रोजाचे पैसे महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त उरत असतील तर खुशाल करा. माझे उरले नाहीत. गेल्या जूनपासून तिथे नोंदणीकृत कराराने नाशिकचं एक कुटुंब राहतं.

आजोबांकडे मी माफी मागायला गेले होते, लाडू घेऊन. लाडू घेतले, माझ्याशी बोलले मात्र चार महिन्यांनी. मधल्या काळात त्यांनी दारावर स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लावली होती: "येथे चावी मिळत नाही. समोरच्यांचीही नाही. बेल वाजवण्यापूर्वी घड्याळ पाहावे." परवा म्हटलं, आजोबा, आता पाहुणे येत नाहीत, पाटी काढूया. म्हणाले, "राहू दे. कुरिअरवाल्यालाही चालते."