न सुटणारा ब्रेक : कारणे व तपासणी

प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका असो वा पंचायत समितीची जीप, ब्रेक लागत नसेल तर चालक तत्काळ तक्रार करतो. ब्रेक सुटत नसेल तर मात्र त्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. कारण गाडी चालते आणि थांबतेही. वस्तुतः आज न सुटणारा ब्रेकच उद्या ऐन वेळी न लागणारा ब्रेक ठरू शकतो.

पेडलवरून पाय काढल्यावरही लायनर ड्रमला किंवा पॅड चकतीला घासत राहिले, तर उष्णता वाढत जाते आणि ती ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट-३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. परंतु हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यानंतरची किमान मर्यादा केवळ १४० अंश आहे. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जाते. घाट उतरताना असे घडल्यास काय होईल, हे सांगावयास नको.

लक्षणे ओळखणे कठीण नाही. गाडी एका बाजूस ओढते, जळका वास येतो, इंधन अधिक लागते. सपाट रस्त्यावर ब्रेकचा फारसा वापर न करता काही किलोमीटर गाडी चालवावी व थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्यावा. स्पर्श करू नये. जे चाक इतरांहून अधिक तापलेले, तेथे दोष शोधावा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये.

चारही चाके तापत असतील, तर पेडलला सुरुवातीचा थोडा खेळ आहे की नाही ते पाहावे. तो नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील ऑइल परतीच्या छिद्रातून टाकीत येत नाही. मागील दोन्ही चाके तापत असल्यास हँडब्रेकची केबल गंजून अडकली आहे काय, ते प्रथम तपासावे.

एकच चाक धरत असल्यास सपाट जागी इतर चाकांना उटी लावावी, गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड द्यावा आणि चाक निवल्यावर हाताने फिरवून पाहावे. नंतर मिस्त्रीने त्या चाकाचा हवा काढण्याचा निपल किंचित सैल करावा. ऑइल बाहेर येऊन चाक मोकळे झाले, तर दाब अडकून राहिला आहे. बहुधा रबरी नळी आतून फुगलेली असते. चाक तरीही घट्टच राहिले, तर दोष यांत्रिक समजावा : गंजलेला पिस्टन, तुटलेली स्प्रिंग किंवा अडकलेले शू. तपासणीनंतर निपल घट्ट करून हवा काढणे अत्यावश्यक आहे. केवळ लायनर सैल करून गाडी रवाना करणे हा उपाय नव्हे.

ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल कदापि घालू नये. त्याने रबरी भाग फुगतात व सर्वच ब्रेक अडकतात. उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ब्रेक ऑइल बदलावे आणि त्याची तारीख लॉगबुकात नोंदवावी. लॉगबुकावर स्वाक्षरी करणाऱ्या अधिकाऱ्याने ती नोंद पाहिली, तरी निम्मी दक्षता साधेल. रुग्णवाहिकेतील रुग्णाला ब्रेकची परीक्षा घेता येत नाही. ती आपणच त्याच्या वतीने घ्यावयाची असते.