डांबरी सडकेची निगा

पावसाळा जवळ आला की आपण घराची कौले चाळतो. फुटके कौल काढतो, नवे बसवतो. घर गळायला लागेपर्यंत कोणी थांबत नाही. मग गावच्या सडकेबद्दल आपण का थांबतो? सडक उखडली म्हणजे ओरड करायची, हे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे झाले. म्हणून आज आपण सडकेची निगा कशी राखतात ते पाहू.

आधी डांबर म्हणजे काय ते समजून घेऊ. पूर्वी डांबर दगडी कोळशापासून काढीत. आता सडकेला जे वापरतात ते खनिज तेलातून निघते. पेट्रोल, डिझेल काढून झाल्यावर जो घट्ट काळा गाळ उरतो, तोच हा. आपण दोन्हीला डांबरच म्हणतो. डांबराची कामे दोन. खडीला खडी चिकटवून धरायची, आणि पाणी आत जाऊ द्यायचे नाही.

ताजी भाकरी मऊ असते. ती घडी घातली तरी मोडत नाही. तीच शिळी झाली की तडकते. डांबराचेही तसेच आहे. ऊन आणि हवा यांनी ते वर्षावर्षाला कडक होते. काळी सडक करडी दिसू लागते. मग केसासारख्या बारीक भेगा पडतात.

भेग लहान दिसते, पण पाण्याला तेवढी वाट पुरते. पाणी खाली जाते. खालची खडी आणि माती भिजून ढिली होते. वरून भरलेली गाडी गेली की सडक दबते. माती पाण्याबरोबर वर येते, खाली पोकळी होते, आणि एक दिवस तिथे खड्डा पडतो. ऊन भेग पाडते, पाणी खड्डा पाडते. हे नीट ध्यानात ठेवा.

यावर उपाय आहेत, पण ते वेळेवर केले पाहिजेत.

पहिला उपाय भेगा बुजवण्याचा. भेग आधी झाडून साफ करतात. ती कोरडी असली पाहिजे. मग तीत गरम डांबर ओततात. चाकाला चिकटू नये म्हणून वर थोडी वाळू टाकतात.

दुसरा उपाय फवाऱ्याचा. पाण्यात मिसळलेले पातळ डांबर सडकेवर फवारतात. ते आधी तपकिरी दिसते. पाणी उडून गेले की काळे होते. करड्या पडलेल्या सडकेला त्याने पुन्हा तुकतुकी येते.

तिसरा उपाय नव्या थराचा. डांबर फवारून वर बारीक खडी पसरतात आणि रोलर फिरवतात. किंवा पातळ डांबर व दगडाची बारीक कच कालवून काही मिलिमीटरचा थर देतात. याने बारीक भेगा झाकतात आणि पाणी अडते.

खड्डा पडलाच असेल तर त्यात नुसती माती टाकू नये. पावसात तिचा चिखल होतो. खड्डा चौकोनी कापतात, कडा उभ्या ठेवतात. आतली घाण काढतात. डांबराचा हात फिरवतात. मग डांबर-खडीचा माल थराथराने भरून चांगला दाबतात.

एक गोष्ट मात्र पक्की. सडकेचा पाया खचला असेल तर वरच्या थराचा उपयोग नाही. ते आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी असे होईल. तिथे पायापासूनच काम करावे लागते, आणि त्याला खर्च फार येतो.

आता आपले काम. सडक मध्ये उंच व कडेला उतरती का असते? पाणी बाजूला जावे म्हणून. बाजूच्या गटाराला वाट नसेल तर ते पाणी सडकेतच मुरते. म्हणून मिरगाआधी गटारे आणि मोऱ्या साफ करा. शेताचा बांध सरकवून गटार बुजवू नका. उसाचे पाणी सडकेवर सोडू नका. ट्रॅक्टरची लोखंडी चाके सडकेवर चालवू नका. सडकेवर होळी वा कचरा पेटवू नका. नळासाठी सडक खोदायची तर आधी परवानगी घ्या, आणि ती नीट बुजवून घ्या.

सरकारचीही जबाबदारी आहे बरं का! गावाला जोडणारे रस्ते बहुधा जिल्हा परिषदेकडे असतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 साली सुरू झाली. तिच्यात रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारानेच पुढे पाच वर्षे त्याची निगा राखायची असते. तशी माहिती सडकेच्या कडेला फलकावर लिहिलेली असते. आता आपल्याला वाचता येते. तेव्हा तो फलक स्वतः वाचा. मुदत संपली नसेल तर ग्रामसभेत विषय काढा आणि लेखी अर्ज द्या. भेगा दिसतात तेव्हाच द्या, खड्ड्यांची वाट पाहू नका.

आम्ही एवढे का सांगतो? अडलेल्या बाईला रात्री दवाखान्यात न्यायचे ते याच सडकेने. दूध आणि भाजी बाजारी जाते ती याच सडकेने. सडक गावाची आहे, म्हणजेच आपली आहे.

सांगा पाहू :
1. डांबर कडक का होते?
2. खड्ड्यात माती का टाकू नये?
3. तुमच्या गावच्या सडकेवर फलक आहे का? त्यावर काय लिहिले आहे ते वहीत उतरवून आणा.